सृष्टिकथा शेजारी-शेजारी ठेवून कशा वाचायच्या?

विदर्भातल्या जरा मोठ्या गावात सकाळी पायी चक्कर मारली तर तासाभरात मारुतीचं देऊळ, बुद्धविहार आणि मशीद किंवा दर्गा बहुतेक लागतोच. रिद्धपूरच्या आसपास महानुभावांचे मठ आहेत, कारंजा-शिरपूरकडे जैन मंदिरं, गोंदिया-गडचिरोलीत गावाबाहेर पेनठाणा म्हणजे गोंडांच्या देवाचं ठाणं, मेळघाटात कोरकूंचा ग्रामदेव मुठवा. 'हे सगळं आलं कुठून?' असं विचारलं तर प्रत्येक ठिकाणी निराळं उत्तर मिळेल. जैन परंपरा तर म्हणते की जग कुणी केलेलंच नाही, ते अनादी आहे, कर्ता शोधायच्या भानगडीत पडू नका.

एवढी उत्तरं एका शिवारात नांदतात, पण एकाचं उत्तर दुसऱ्यानं वाचलेलं नसतं. आपलंसुद्धा आपण बहुतेक ऐकलेलंच असतं. ज्यांना हे वाचून पाहायचं आहे, बाबिलोन-इजिप्तच्या जुन्या कथांशी ताडून बघायचं आहे, पण सुरुवात कुठून करावी कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. संस्कृत, पाली, हिब्रू येत नसली तरी अडत नाही. एक जाड वही, फोन आणि जवळच्या वाचनालयाचं सभासदत्व पुरतं. काळ म्हणाल तर कापूस-तूर घरी आल्यानंतरचा, मार्च ते मे. मृग लागल्यावर कुणाचंच लक्ष लागत नाही.

पहिली पायरी: प्रश्न बदला

नवखा माणूस हमखास 'जग कसं झालं?' हा प्रश्न घेऊन बसतो आणि आठवड्याभरात कंटाळतो. कारण या प्रश्नाची उत्तरं वरवर फार सारखी दिसतात. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात अंधारानं झाकलेला अंधार आणि काहीच वेगळं ओळखू येणार नाही असं पाणी आहे. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकात खोल पाण्यावर देवाचा आत्मा वावरतो. इजिप्तमध्ये 'नून' नावाचा अथांग जलाशय आहे आणि त्यातून पहिला उंचवटा वर येतो. बाबिलोनच्या 'एनुमा एलिश'मध्ये गोड पाण्याचा अप्सू आणि खाऱ्या पाण्याची तियामत एकमेकांत मिसळलेले आहेत. मंडला-बालाघाटकडच्या बैगांच्या कथेतही आधी सगळीकडे पाणीच आहे, मग माती शोधायला कावळा निघतो आणि पुढे खेकडा व गांडूळ कामाला लागतात. एवढं वाचलं की माणूस म्हणतो, 'बघा, सगळे धर्म एकच सांगतात,' आणि वही मिटतो.

म्हणून माझा सल्ला असा की प्रश्न थोडा पुढे सरकवा. माणूस कशासाठी बनवला, हे विचारा. इथं प्रत्येक परंपरा आपापली वाट धरते.

मेसोपोटेमियाच्या 'अत्रहसीस' कथेत कालवे खोदायचं आणि गाळ उपसायचं काम आधी लहान देवांकडे होतं. वर्षानुवर्षं राबून ते वैतागले, त्यांनी आपली फावडी-टोपल्या पेटवून दिल्या आणि रात्री एन्लिल या मोठ्या देवाच्या घराला वेढा घातला. तडजोड अशी निघाली की एका देवाला मारून त्याचं रक्त-मांस मातीत कालवायचं, त्यातून माणूस करायचा आणि हे काम त्याच्या माथी मारायचं. नाल्या खोदणाऱ्या देशात माणसाच्या जन्माचं कारण नाली खोदणं हेच असावं, यात नवल नाही.

'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे आणि त्याला इतर जीवांवर सत्ता दिली आहे. दुसऱ्या अध्यायात मात्र तो मातीचा आहे आणि बागेची मशागत व राखण हे त्याचं काम आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत अल्लाह पृथ्वीवर आपला खलीफा नेमणार असल्याचं सांगतो, तेव्हा फरिश्ते विचारतात, तिथं उत्पात करणारा, रक्त सांडणारा तू नेमणार का? मध्य अमेरिकेतल्या किचे माया लोकांच्या 'पोपोल वूह'मध्ये देवांना आठवण ठेवणारं, आपलं नाव घेणारं कुणीतरी हवं आहे. नासदीय सूक्तात माणूस घडवण्याचा विषयच नाही. तिथं ज्ञानी लोक फक्त हृदयात डोकावून शोध घेताना दिसतात. बौद्धांच्या पाली 'अग्गञ्ञ सुत्ता'त तर कुणी कुणाला घडवतच नाही. तिथला माणूस कसा होतो, ते पुढे सविस्तर येईल.

दुसरी पायरी: दोनच ग्रंथ निवडा

दहा धर्मांचा तक्ता करायचा मोह होतो. फोनवर तसे तयार तक्ते फिरतातही, ते बिनकामाचे असतात. दोन मजकूर घ्या, फार तर तीन. पण जोडी अशी हवी की दोघांमध्ये बोलण्यासारखं काहीतरी असेल.

सुरुवातीला सोपी जोडी म्हणजे 'उत्पत्ती'चा पहिला आणि दुसरा अध्याय. हो, एकाच पुस्तकातले. पहिल्यात आधी वनस्पती, मग जलचर-पक्षी, मग जनावरं आणि शेवटी स्त्री-पुरुष एकदमच. दुसऱ्यात आधी पुरुष, मग झाडं, मग प्राणी, सगळ्यांत शेवटी स्त्री. दोन्ही मिळून चार पानं होत नाहीत. एकाच ग्रंथात दोन निराळ्या कथा सुखानं शेजारी राहू शकतात हे इथं डोळ्यांनी दिसतं. मग ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तसंच दिसलं की दचकायला होत नाही. तिथं १२९ वं नासदीय सूक्त आहे, १२१ वं हिरण्यगर्भ सूक्त आहे आणि ९० वं पुरुषसूक्त. तिन्हींची उत्तरं तीन. सात ऋचांच्या नासदीय सूक्ताचा शेवट तर असा आहे की या सृष्टीचा जो परम आकाशातला अध्यक्ष, त्याला हे ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. धर्मग्रंथात इतकी मोकळी शंका आहे हे कळल्यावर काही श्रद्धाळू मंडळी बिचकतात. मला ती ऋचा फार आवडते.

दुसरी चांगली जोडी म्हणजे मेळघाटची कोरकू कथा आणि 'पोपोल वूह'. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातल्या जमाती-जातींच्या ग्रंथात कोरकूंची कथा आहे. विंध्य-सातपुडा ओसाड पाहून रावण महादेवाला तिथं माणसं वसवायला सांगतो. महादेव कागेश्वर नावाच्या कावळ्याला लाल मातीचं वारूळ शोधायला धाडतो. ते वारूळ बैतूलच्या डोंगरांत सापडतं. महादेव त्या मातीच्या बाई-माणसाच्या मूर्ती करतो, पण इंद्रानं पाठवलेले दोन अग्नीसारखे घोडे येऊन त्या तुडवतात. दुसऱ्या दिवशीही तेच. मग महादेव आधी कुत्रा घडवतो, त्यात प्राण फुंकतो. कुत्रा घोड्यांना अडवतो, तेव्हा कुठं मुला आणि मुलाई ही पहिली जोडी जिवंत होते.

'पोपोल वूह'मध्येही पहिले प्रयत्न फसतात. चिखलाचा माणूस पाण्यात विरघळतो, त्याला मानही वळवता येत नाही. लाकडाची माणसं चालतात-बोलतात, पण त्यांना काळीज नाही, घडवणाऱ्याची आठवण नाही. त्यांचा नाश होतो तेव्हा घरातली भांडी, दळायचे दगड आणि कुत्री त्यांच्यावर उलटतात: आम्हाला उपाशी ठेवलंत, काठीनं मारलंत, आता आमची पाळी. शेवटी पांढऱ्या-पिवळ्या मक्याच्या पिठाचा माणूस टिकतो. दोन्ही कथांत मातीची पहिली माणसं टिकत नाहीत, दोन्हीत कुत्रा आहे. पण सातपुड्यात तो माणसाची राखण करतो आणि ग्वाटेमालात त्याचा चावा घेतो. असा फरक सापडला की तुलना मार्गाला लागली समजा.

तिसरी पायरी: कथेचा सारांश नको, मजकूर हवा

व्हिडिओ आणि फॉरवर्ड बाजूला ठेवा. मराठी बायबल फोनवर फुकट मिळतं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेला अनुवाद वेगळा आहे. दोन अनुवाद शेजारी ठेवले तर कुठली ओळ अनुवादकांना अवघड गेली ते लगेच कळतं. कुराणाचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत, आणि गावातल्या मौलवींना नीट विचारलं तर ते आनंदानं देतात. सृष्टीची गोष्ट कुराणात एका जागी सलग नाही, सूरांमधून विखुरलेली आहे, तेव्हा कुठली आयत कुठल्या सूरेत ते टिपून ठेवा. बुद्धांच्या लांब उपदेशांचा पाली संग्रह म्हणजे 'दीघनिकाय', त्याचा राहुल सांकृत्यायन आणि जगदीश काश्यप यांनी केलेला हिंदी अनुवाद १९३६ चा आहे. आपल्याकडे हिंदी वाचणं कुणाला जड जात नाही. जुने इंग्रजी ग्रंथ इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत. ओळख करून घ्यायला मराठी विश्वकोश आहेच, तोही फोनवर. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं होणारं भाषांतर मजकुराचा अंदाज घ्यायला वापरा, वहीत उतरवायला नको.

उतारा लिहिला की त्याचा आकडा लिहायचाच. '१०.९०.१२' म्हणजे दहावं मंडल, नव्वदावं सूक्त, बारावी ऋचा. आकडा नसेल तर महिन्यानंतर तुम्हालाच तो उतारा सापडत नाही, आणि बैठकीत कुणी 'कुठं लिहिलंय, दाखव' म्हटलं की तोंड बंद होतं.

चौथी पायरी: वही आखा

डाव्या पानावर एक ग्रंथ, उजव्यावर दुसरा. दोन्हीकडे तेच प्रश्न: आधी काय होतं? करणारा कोण, की कुणीच नाही? कशातून झालं आणि कशानं झालं, शब्दानं, मारामारीनं, यज्ञानं, अंड फुटून? माणूस कशाचा आणि कशासाठी? नंतर काय बिघडलं? उत्तर मजकुरात नसेल तर तिथं 'नाही' असं स्पष्ट लिहा. रिकामी जागा आपण मागाहून आपल्याच कल्पनेनं भरून टाकतो.

एक जोडी पूर्ण करून पाहू

विदर्भात बसून ही तुलना करायची तर एक जोडी टाळून चालत नाही, आणि ती टाळावी असं मला वाटतही नाही: पुरुषसूक्त आणि अग्गञ्ञ सुत्त.

पुरुषसूक्तात १६ ऋचा आहेत. हजार डोक्यांचा, हजार डोळ्यांचा, हजार पायांचा पुरुष हाच यज्ञातला बळी, आणि यज्ञ करणारे देव. वसंत हे त्या यज्ञाचं तूप, ग्रीष्म हे सरपण, शरद हे हविर्द्रव्य. त्या पुरुषाच्या मनापासून चंद्र, डोळ्यापासून सूर्य, श्वासापासून वारा, डोक्यापासून आकाश, पायांपासून भूमी. आणि बाराव्या ऋचेत ब्राह्मण हे त्याचं मुख, राजन्य बाहू, वैश्य मांड्या, पायांपासून शूद्र.

वहीत हे भरताना 'माणूस कशाचा' या प्रश्नापाशी हात अडखळतो. कारण इथं 'माणूस' झालेला नाही, चार वर्ण झालेले आहेत. डॉ. आंबेडकरांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात नेमकं इथं बोट ठेवलं आहे. ते हे सूक्त ऋग्वेदातल्याच इतर सृष्टिकथांशी ताडून पाहतात, मग 'उत्पत्ती'चा पहिला अध्याय शेजारी ठेवतात आणि दाखवतात की तो अध्याय माणूस कसा झाला एवढंच सांगतो. जुन्या ज्यू समाजात वर्ग नव्हते असं नाही, पण सृष्टिकथेत त्यांना जागा दिली गेली नाही. बाबासाहेबांच्या निष्कर्षांशी कुणी सहमत असो वा नसो, तुलना कशी करायची याचा तो वस्तुपाठ आहे. आधी त्याच ग्रंथातलं दुसरं उदाहरण पाहायचं, मग बाहेरचं.

आता उजवं पान. अग्गञ्ञ सुत्त हे दीघनिकायातलं २७ वं सुत्त. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण भिक्षू व्हायला आलेले आहेत. बुद्ध त्यांना विचारतात, तुमचे जातवाले तुम्हाला बोल लावत नाहीत का? ते म्हणतात, लावतात, भरपूर लावतात. आम्ही ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेले, तुम्ही खालच्यांत कसे गेलात, असं सुनावतात. त्यावर बुद्ध थेट सांगतात की ब्राह्मणांच्या बायकाही गरोदर राहताना, बाळंत होताना, पाजताना दिसतात. आणि मग ही कथा येते.

आरंभी सगळं पाणी, मिट्ट काळोख. जीव स्वतःच्याच तेजानं उजळलेले, आनंदावर जगणारे, स्त्री-पुरुष असा भेद नसलेले. मग तापवलेलं दूध निवताना त्यावर साय धरते तशी (ही उपमा सुत्तातलीच) पाण्यावर रसाळ पृथ्वी धरली. रंग तुपा-लोण्याचा, चव मधाची. एका लोभी जिवानं बोटानं चाखून पाहिली. बाकीच्यांनी त्याचं पाहून घास घ्यायला सुरुवात केली. खाताखाता अंगचं तेज गेलं, तेव्हा चंद्र-सूर्य दिसू लागले. काही देखणे राहिले, काही कुरूप झाले, देखण्यांना गर्व झाला, आणि रसाळ पृथ्वी नाहीशी झाली. मग जमिनीतून अळंबीसारखं काही आलं, मग वेल आले, तेही गेले. मग धान आलं. त्याला कोंडा नाही, तूस नाही. संध्याकाळी कापलं की सकाळी पुन्हा तयार.

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातल्या माणसाला यापुढचं समजावून सांगावं लागत नाही. एका आळशाला वाटलं, दोनदा कशाला जायचं, सकाळ-संध्याकाळचं एकदमच आणू. दुसऱ्यानं दोन दिवसांचं आणलं, तिसऱ्यानं चार दिवसांचं, कुणी आठ. साठा सुरू झाला तशी दाण्याला तूस आली, आणि कापलेलं पुन्हा उगवेना. तेव्हा त्यांनी बसून शेतं वाटून घेतली, धुरे घातले. आणि धुरा पडल्याबरोबर कुणीतरी शेजाऱ्याच्या वाट्यातलं उचललं. चोरी, मग खोटं बोलणं, मग काठी. शेवटी सगळ्यांनी मिळून भांडणं मिटवायला एकाला निवडलं आणि त्याला धानाचा वाटा ठरवून दिला. तो महासम्मत, म्हणजे सगळ्यांनी मान्य केलेला. ब्राह्मण, वैश्य, शूद्र हे गटही पुढे कामावरून पडत गेले, आणि सगळे त्याच माणसांतून, असं सुत्त सांगतं.

आता दोन्ही पानं बघा. डावीकडे समाजाची घडी विश्वाबरोबरच, यज्ञातून तयार होऊन येते. उजवीकडे ती लोभ, साठेबाजी आणि वाटणी यांतून, माणसांच्या हातून, हळूहळू तयार होते. सुत्तात 'ब्रह्म्याच्या मुखातून' हा दावा आधी येतो आणि मग कथा, म्हणजे सांगणाऱ्यापुढे पहिली कल्पना होती आणि हे तिला दिलेलं उत्तर आहे. ते उत्तर अर्धं थट्टेच्या सुरात आहे असं काही अभ्यासक मानतात. साठेबाजीचा भाग वाचताना मलाही तसंच वाटतं. त्यामुळे 'बौद्धांचा सृष्टीचा सिद्धांत' म्हणून हे सुत्त ठोकून देऊ नये. जग शाश्वत आहे की नाही असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला बुद्धांनी नकार दिल्याचं मालुंक्यपुत्त या भिक्षूच्या प्रसंगात आहे. बाण लागलेल्या माणसानं आधी बाण मारणाऱ्याचं गाव-गोत विचारत बसायचं का, हा त्यांचा सवाल तिथलाच.

पाचवी पायरी: कुणी लिहून ठेवलं, ते विचारा

कथेचं वय एक, तिच्या हाती आलेल्या प्रतीचं वय दुसरं. ऋग्वेद तीन हजार वर्षांच्या आसपासचा, पण तो तोंडपाठ करून जपला गेला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ज्या हस्तलिखितांना युनेस्कोनं 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' या यादीत नोंदवलं, त्यांतलं सगळ्यांत जुनं १४६४ चं आहे. 'अत्रहसीस' मात्र मातीच्या विटांवर कोरलेली, आणि तिची इ.स.पू. सतराव्या शतकातली प्रतच हाताशी आहे. इजिप्तच्या मेम्फिसमध्ये प्ताह देव मनात आणून आणि जिभेनं उच्चारून सृष्टी करतो. ती कथा शबाका राजानं इ.स.पू. ७०० च्या सुमारास काळ्या दगडावर कोरून घेतली, का तर जुनी प्रत किड्यांनी खाल्ली होती, असं तो दगडच सांगतो. पुढे त्याच दगडाला मधोमध भोक पडलं आणि सभोवती रेषा झिजल्या. कुणीतरी त्यावर दळण दळलं असावं, असा समज आहे. देवाच्या वाणीतून जग झाल्याची ती अक्षरं त्यातच घासली गेली.

आपल्याकडचं याचं उदाहरण गोंडांचं आहे. गोंडांचा आद्य गुरू पारी कुपार लिंगो, त्याचं गाणं कागदावर उतरवलं ते नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी, गोंडांची गाणी गाणाऱ्या प्रधान जमातीतल्या गायकाकडून ऐकून. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदीत बुडून ते वारले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. त्यात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि लिंगो त्यांना सोडवतो. नागपूरच्या मोतीरावण कंगाली यांनी नंतर कोया पुनेमच्या, म्हणजे गोंडांच्या धर्माच्या, आतल्या दृष्टीतून केलेली मांडणी निराळी आहे, आणि कचारगडच्या यात्रेत ऐकू येणाऱ्या कथेत गुहेच्या तोंडावरची शिळा किंगरी या तंतुवाद्याच्या सुरांनी बळ आलेल्या पोरांच्या रेट्यानं हलते. 'गोंडांची कथा' म्हणून एकच आवृत्ती वहीत लिहू नका. कुणी सांगितली, कुणी लिहिली, कुठल्या साली, हे तिन्ही लिहा.

सहावी पायरी: सारखेपणा दिसला की थांबा

दोन कथा सारख्या असण्याची तीन कारणं असू शकतात: एकानं दुसऱ्याकडून ऐकली, दोघांनी एकाच पूर्वजाकडून घेतली, किंवा सारख्या जगण्यातून दोघांना स्वतंत्रपणे सुचली. कुठलं कारण लागू पडतं ते बारीक तपशील ठरवतात. महापुराच्या कथेवर हे छान शिकता येतं.

लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाचा, नोटांचं कोरीवकाम शिकलेला तरुण होता. फावल्या वेळात तो संग्रहालयातल्या, मेसोपोटेमियातल्या निनवे शहराच्या लेख कोरलेल्या विटा वाचायला शिकला, आणि १८७२ मध्ये त्यानं जाहीर केलं की बायबलमधल्या नोहासारखी पुराची कथा एका विटेवर आहे. नाव बांधणं, डोंगरावर टेकणं, जमीन शोधायला एकेक पक्षी सोडणं, सगळं तसंच. पक्षी सोडण्याइतका बारीक तपशील जुळतो, दोन्ही लोक शेजारी, आणि ज्यूंची बाबिलोनमधली कैदही इतिहासात नोंदलेली. इथं पहिलं कारण भक्कम आहे.

मग शतपथ ब्राह्मणातला मनू घ्या. हात धुवायच्या पाण्यात आलेला मासा, त्याला आधी मडक्यात, मग खड्ड्यात, मग समुद्रात वाढवणं, त्याच्या शिंगाला नाव बांधून उत्तरेच्या डोंगराला लागणं. पक्षी नाहीत, जनावरांच्या जोड्या नाहीत, मनू एकटाच उरतो. इथं उसनवारी छातीठोक सांगता येत नाही.

पूर का आला, हे तर तिन्हींत तीन तऱ्हांचं. नोहाच्या वेळी माणसांच्या पापामुळे. मनूच्या कथेत कारणच नाही. 'अत्रहसीस'मध्ये माणसं वाढली, त्यांचा गलका एवढा झाला की एन्लिलला झोप येईना. ज्यांच्या घराशेजारी मंगल कार्यालय आहे आणि रात्री बारापर्यंत डीजे चालतो, त्यांना एन्लिलची बाजू पटेल. मग एआ देव अत्रहसीसला सावध करतो, पण देवांनी शपथ घेतलेली असल्यानं त्याच्याशी थेट न बोलता त्याच्या घराच्या कुडाला सांगतो: कुडा, नीट ऐक.

पुरुषाच्या शरीरापासून जग आणि उत्तर युरोपातल्या यमीर या राक्षसाच्या कवटीपासून आकाश, रक्तापासून समुद्र, ही जोडी दुसऱ्या कारणाकडे झुकते, कारण दोन्ही भाषांचं कूळ एक. पण चीनच्या पांगूच्या शरीरापासूनही डोंगर-नद्या होतात, आणि ते कूळ वेगळं. तेव्हा तिथं पेन्सिलनंच लिहा.

सातवी पायरी: गावातली कथा गोळा करताना

पुस्तकं झाली की माणसांकडे जा. चांगला धडा आपल्याच मातीत आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या लीळा जमवल्या त्या प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना भेटून, विचारून, नागदेवाचार्यांकडून तपासून घेऊन. महानुभावांच्या पोथ्यांत एकाच प्रसंगाचे वेगवेगळे पाठही नोंदलेले सापडतात. कुठला खरा, याचा निकाल तुम्हीही लावू नका. दोन्ही लिहा.

पेनठाण्यावर किंवा पूजेच्या वेळी फोन काढून रेकॉर्डिंग लावू नका. आधी बसा, 'सेवा जोहार' घाला, कुणाचा कोण ते सांगा. 'आबाजी, लिंगोची गोष्ट लिहून घेऊ का?' असं विचारा. 'रातीची गोष्ट हाय बाबू, दिवसा नाई सांगत,' असं उत्तर आलं तर रात्री जा. काही भाग बाहेरच्यांना सांगायचे नसतात, तिथं खोदून विचारू नये. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला गेलात तर ऐकायला भरपूर मिळेल, पण गर्दीत कुणी तुमच्याशी निवांत बोलणार नाही. ओळख करून घ्यायची आणि नंतर गावी जायचं. सांगणाऱ्याचं नाव लिहायचं की नाही हे त्यालाच विचारा, आणि लिहून झालेलं त्याला एकदा वाचून दाखवा.

बैठक बसवायची असेल तर

वाचनालयात किंवा विहारात पाच-सात जण जमले तरी पुष्कळ. प्रत्येकानं आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या परंपरेचा मजकूर मोठ्यानं वाचायचा, ही पद्धत चांगली चालते. बौद्ध घरातल्या मुलीनं नासदीय वाचावं, वारकऱ्याच्या पोरानं अग्गञ्ञ, ख्रिस्ती काकांनी कुराणातली आयत. वाचून होईपर्यंत कुणी मत मांडायचं नाही, आणि मत मांडताना 'तुमच्यात असं आहे' असं न म्हणता 'या ओळीत असं आहे' म्हणायचं.

तीन वाक्यं येतीलच, त्यांची तयारी ठेवा. 'आमचंच पहिलं': प्रतीचं साल विचारा, वाद आपोआप थंडावतो. 'शेवटी सगळे एकच': माणूस कशासाठी, हा रकाना उघडून दाखवा. 'यात बिग बँग सांगितलंय, दशावतारात उत्क्रांती सांगितलीय': तो शोध लागायच्या आधी हाच अर्थ कुणी काढला होता का, एवढंच विचारा. जैन जिनसेनाचार्यांनी नवव्या शतकातल्या महापुराणात देवानं जग केलं म्हणणाऱ्यांना विचारलं होतं, जग करायच्या आधी तो होता कुठं? असा प्रश्न बैठकीत आला तर घाईनं उत्तर देऊ नका. पुढच्या वेळचा मजकूर त्यावरूनच निवडा, आणि कारंजा जवळ असेल तर तिथल्या जुन्या हस्तलिखितांच्या भांडारात आधी फोन करून एखादा दिवस जाऊन या.